अकरा महिन्यांची जमीन

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता जिने टाळा. त्यानंतर दोन महिन्यांत आम्ही खुलताबादजवळचं गाव सोडून शहरात आलो आणि छावणीच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. लिफ्ट आहे, पण तिची मर्जी सांभाळावी लागते. शेताचं म्हणाल तर आठवड्यातून तीन दिवस मी सकाळची एसटी धरून तिकडं जातच होतो. बायकोनं मला दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा डबा भरून दिला.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आमच्या भागातली निम्मी माणसं तिच्या हाताखालून गेली आहेत आणि सगळी तिला ‘बाई’ म्हणतात. घरात वाद झाला की मीही बाई म्हणतो. आम्हाला एकच मुलगी, ती पुण्यात नोकरी करते. लहानपणी तिनं कापूस वेचलाय, पिकाला पाणी दिलंय, ऊन खाल्लंय. शेतीतलं तिला सगळं कळतं आणि म्हणूनच ती परत येणार नाही, असं ती मला हसत हसत सांगते.

जमीन पावणेसहा एकर. वरचा तुकडा मुरमाड, खालचा काळा, मध्ये विहीर आणि विहिरीवर कडुनिंब. स्वतः कसणं जमेना तेव्हा मी ती बटईनं द्यायला लागलो. म्हणजे जमीन माझी, कष्ट दुसऱ्याचे, माल निम्मा निम्मा. बटईनं देणाऱ्या प्रत्येक जमीनवाल्याच्या पोटात एक भीती असते, कूळ लागण्याची. एकच माणूस वर्षानुवर्षं एका रानात राबला, सरकारी कागदात पिकापुढं त्याचं नाव लागलं, की उद्या तो हक्क सांगेल आणि मालक कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसेल. अलीकडं हे कुणाच्या बाबतीत घडलं, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. तरी सगळे घाबरून असतात.

त्यावर माझा तोडगा ठरलेला होता. पाडव्याला बटईदार ठेवायचा, स्टँपपेपरवर अकरा महिने लिहून घ्यायचे आणि शिमग्याआधी रान मोकळं करून घ्यायचं. मधला एक महिना जमीन माझ्या एकट्याची. पुढच्या पाडव्याला नवा माणूस. जुना कितीही चांगला असला तरी नवाच. पिकाची ती सरकारी नोंद, म्हणजे पीकपाहणी, मोबाइलवर आली, तेव्हाही पिकाचा फोटो माझ्याच नावानं चढतोय याची मी खात्री करून घ्यायचो. या व्यवस्थेचा मला अभिमान होता. पारावर बसून मी ती इतरांना शिकवायचो.

सहा वर्षांत सहा बटईदार झाले. सहाही आळशी निघाले, असं माझं मत होतं. कुणी शेणखताची एक पाटी टाकली नाही. विहिरीत गाळ साठत गेला, कुणी हात लावला नाही. वरच्या तुकड्यातली माती दर पावसाळ्यात ओढ्याला गेली, कुणी एक दगड आडवा लावला नाही. मी घरी येऊन आजकालच्या माणसांना शिव्या घालायचो आणि बायको भाजी निवडत ऐकून घ्यायची. एकदा ती म्हणाली, “सहाच्या सहा आळशी कसे निघतील हो? वर्गातली चाळीसच्या चाळीस पोरं नापास झाली, तर आम्ही आधी पेपर बघायचो.” मी तिला म्हटलं, शेत म्हणजे शाळा नाही.

सातव्या वर्षी तिनंच एक जोडपं आणलं. त्यातली मुलगी तिची विद्यार्थिनी. आईवडील दोघंही जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला गेलेले, घरात गुंठाभर जमीन नाही. मुलीनं शेतीची पदविका घेतली होती. बरोबरीची पोरं खतांच्या दुकानात चिकटली, हिला मात्र शेतीच करायची होती. जमीन नसताना शेतकरी व्हायचं, हे मला जरा गमतीचंच वाटलं. नवरा वाळूजला कारखान्यात कंत्राटावर होता, ते सोडून तो तिच्याबरोबर आलेला. बोलायचा कमी. बिघडलेला पंप उघडून बसला की दुरुस्त करूनच उठायचा.

तिचं माहेर आमच्याच गावात, बुद्धविहाराशेजारच्या गल्लीत. तेवढ्यावरून आमच्या भावकीतल्या एकदोघांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण तेही बाईंकडंच शिकलेले, त्यामुळं गोष्ट आठ्यांच्या पुढं गेली नाही. मी तिला माझी अट सांगितली: पाडव्यापासून अकरा महिने, त्यापुढं एक दिवस नाही. तिनं कागद वाचून सही केली.

पाडव्याला दोघं टेम्पोत सामान घालून आली. सामान म्हणजे कुदळी, फावडी, पंप, पाइपांची भेंडोळी आणि काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत लावलेली सीताफळाची रोपं. दीडशेच्या वर असतील.

“नर्सरी काढताय की काय?” मी विचारलं.

“नाय काका, आमचीच हायेत,” ती म्हणाली, आणि कडुनिंबाखाली, विहिरीच्या ओल्या अंगाला तिनं त्या पिशव्या रांगेनं मांडल्या. मला वाटलं, विकायला ठेवली असतील. मी पुढं काही विचारलं नाही.

त्या वर्षी मी तीनाऐवजी चार दिवस शेतात जायला लागलो. घरी सांगायचो, देखरेख करावी लागते. खरं म्हणजे मला तिथं मजा यायची. ती मला प्रश्न विचारायची आणि उत्तर पटलं नाही तर तोंडावर सांगायची. विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात कुठवर उतरतं, वरच्या तुकड्यात खडक कुठं वर आलाय, तूर दरवर्षी नेमकी कुठं वाळते, हे सगळं चाळीस वर्षं माझ्या डोक्यात नुसतं पडून होतं. ते कुणी मला मागितलंच नव्हतं. ती वहीत लिहून घ्यायची. माझं बोलणं कुणी लिहून घेतंय म्हटल्यावर मी जरा जास्तच बोलायचो, हे मान्य करतो.

मोबाइलवरची पीकपाहणीही तीच भरायची, कारण माझं बोट स्क्रीनवर भलत्याच ठिकाणी लागतं. तिनं पेरलेल्या तुरीचा फोटो तीच काढायची आणि त्याखाली माझं नाव तीच घालायची. मी शेजारी उभा राहून नाव बरोबर पडलंय ना ते बघायचो. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आज लिहिताना लाज वाटते.

हरभरा निघाला आणि शिमगा जवळ आला. पुढच्या पाडव्यासाठी मी वेरूळकडचा एक माणूस पाहून ठेवला होता. माणूस ठीक होता, आणि नवा होता हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. मी शेतात जाऊन दोघांना तसं सांगितलं. ठरलं ते ठरलं, असं मी स्वतःला बजावलं. ती हरभऱ्याचं खळं झाडत होती. झाडायची थांबली, नवऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “व्हय काका. परवा टेम्पो बघतो.” बस, एवढंच. तिनं कारण विचारलं असतं, तर मला निदान भांडता आलं असतं.

तिसऱ्या दिवशी मीही गेलो. कशाला गेलो ते सांगता यायचं नाही. पाइप गुंडाळून झाले होते, पंप टेम्पोत चढला होता आणि दोघं कडुनिंबाखाली पिशव्या उचलत होती. पहिल्या चारपाच सहज निघाल्या. मग एक निघेना. तिनं दोन्ही हातांनी धरून हलवली, तरी निघेना. मी जवळ जाऊन वाकलो. पिशवीचं बूड फाडून मूळ खाली जमिनीत शिरलं होतं, चांगलं करंगळीएवढं जाड. पुढची पिशवी तशीच, तिच्या पुढचीही तशीच. वर्षभर विहिरीच्या ओलीला बसल्यावर दुसरं काय होणार?

नवऱ्यानं विळा घेतला आणि पहिलं मूळ कापलं.

“अरे, कापतोस कशाला?” मी म्हणालो.

“कापल्याबिगर निघत नाय, काका,” तीच म्हणाली. “मागच्या साली बी अशीच कापली. चाळीस झाडं गेली त्यात.”

तेव्हा मला कळलं की ही झाडं दुसऱ्यांदा हलत होती. आधीच्या मालकानंही त्यांना शिमग्यालाच उठवलं होतं. तिनं सांगितलं, दौलताबादच्या रस्त्यावर कधीतरी एक फार गोड सीताफळ खायला मिळालं, तसलीच आणखी घेऊन तिनं सगळ्या बिया जपून पिशव्यांत लावल्या, आणि तेव्हापासून झाडं पिशवीत होती. हे ऐकून माझं डोकं फिरलं, आणि का कुणास ठाऊक, मी तिच्यावरच ओरडलो.

“शेतीचं शिकलीस ना तू? दोन-दोन वर्षं पिशवीत ठेवतात का झाड? जमिनीत नाही का लावायचं?”

ती माझ्यावर ओरडली नाही. तिनं हातातली माती झटकली आणि माझ्याकडं सरळ पाहिलं.

“कुणाच्या जमिनीत, काका?”

त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. तिला खरोखरच तो प्रश्न पडलेला होता आणि दोन वर्षं पडलेला होता. सीताफळाला फळ धरायला तीनचार वर्षं जातात. अकरा महिन्यांच्या जमिनीत ते कोण लावेल? अकरा महिन्यांच्या जमिनीत शेणखत तरी कोण टाकेल, गाळ कोण काढेल, वाहत्या मातीला दगड कोण लावेल? ज्यांना मी आळशी म्हणत आलो ते सहाही जण मला तिथं उभ्या उभ्या एकेक करून आठवले. मी विहिरीच्या काठावर बसलो.

थोड्या वेळानं मी तिच्या नवऱ्याला म्हणालो, “बाकीची आज काढू नका. टेम्पो रिकामा जाऊ दे.” त्यापुढं काय, ते मलाही माहीत नव्हतं. एसटीची वाट न बघता मिळेल त्या काळीपिवळी जीपमध्ये बसून मी घरी आलो.

बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या, इतकं मनाला लावून घेऊ नका. तिनं चष्मा काढून ठेवला. चष्मा काढला की मी सावध होतो.

“ही जमीन तुमच्या वडिलांकडं कशी आली?”

“कशी म्हणजे? तुला माहीत आहे की.”

“तुम्ही सांगा.”

मी सांगितलं. निजामाच्या अमदानीत ती एका मोठ्या जमीनदाराची होती आणि माझे वडील ती कसत होते. पुढं कुळांचा कायदा आला, वडिलांचं नाव कागदाला लागलं आणि जमीन आमची झाली. वडिलांना ती मिळाली म्हणून मी शिकलो, मिळवता झालो, मला बाईंसारखी बायको मिळाली. ही गोष्ट मी पारावरसुद्धा कितीदा तरी छाती फुगवून सांगितली होती.

“त्या मालकानं त्यांना दर शिमग्याला उठवलं असतं, तर?” ती म्हणाली.

खरं सांगतो, मला राग आला. बायको बरोबर बोलली की मला आधी राग येतो, मग भूक लागते, मग पटतं. त्या दिवशी तिन्ही व्हायला संध्याकाळ झाली. माझे वडील ज्या दारानं आत आले, त्यालाच मी आतून कडी घालून बसलो होतो, आणि वर त्याला शहाणपणा म्हणत होतो. चाळीस वर्षं तोंडपाठ असलेली गोष्ट मला पहिल्यांदा दुसऱ्या बाजूनं दिसली. जेवताना मी बायकोला म्हणालो, त्यांना राहू देऊ या, आणि या वेळी अकरा महिन्यांसाठी नाही.

पुण्याला मुलीला फोन लावला. ती म्हणाली, “बाबा, मी येणार नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण ती जमीन दरवर्षी नव्या माणसाच्या हातात बघून मला बरं वाटत नव्हतं. द्या त्यांना.” आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, “हुरड्याला मी येणार, ते मात्र कागदात लिहून घ्या.”

मी वकिलाकडं गेलो. माझ्या मनात होतं, निदान थोडी जमीन त्यांना विकावी. वकील म्हणाला, ज्याच्या नावावर आधीपासून जमीन नाही त्याला शेतजमीन विकत घेणं सोपं नाही. म्हणजे शेतकरी व्हायला आधी शेतकरी असावं लागतं. हे मी त्याला दोनदा सांगायला लावलं. शेवटी वीस वर्षांचा नोंदणी केलेला भाडेपट्टा करायचं ठरलं. तो आमच्यामागंही चालेल, त्यावर आमच्या मुलीची सही असेल, पिकापुढं त्या दोघांचं नाव लागेल, आणि कधी विकायची वेळ आली तर आधी त्यांना विचारायचं. वकिलानं पेन खाली ठेवलं. “काका, विचार केलाय ना? उद्या कूळ लागलं तर?”

“माझे वडील कूळच होते,” मी म्हणालो.

पारावर मात्र माझी चांगलीच फजिती झाली. एक चुलतभाऊ म्हणाला, “गेली बघ जमीन तुझ्या हातची. लई शाना समजत व्हतो तुला.” हे सगळे धडे त्यांना मीच दिलेले, त्यामुळं माझेच शब्द मला ऐकून घ्यावे लागले. मी म्हणालो, सत्तरीनंतर माणसाचं डोकं जरा हलतंच. त्यावर त्यांना काही बोलता येईना, कारण तेही सगळे सत्तरीचेच.

नोंदणीच्या दिवशी ती आईला घेऊन आली. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. खुर्च्या रिकाम्या असून ती दाराशीच उभी राहिली, शेवटी बायकोनं हाताला धरून तिला शेजारी बसवलं. माझी सही झाली, अंगठ्याचा ठसा झाला, फोटो झाला. पुण्याहून आलेल्या आमच्या मुलीनं सही केली, मग त्या दोघांनी केली. सगळं आटोपल्यावर त्या आईनं हळूच विचारलं, “बाई, आता हिला कोनी उठवनार नाय ना?”

“नाही,” बायको म्हणाली.

आई मान हलवत राहिली. मी चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर गेलो आणि चहा सांगायचं विसरून परत आलो.

त्यानंतर जे झालं ते मी सहा बटईदारांना ओरडून ओरडून सांगत होतो, आणि हिला एका शब्दानं सांगावं लागलं नाही. चैत्रातच विहिरीचा गाळ निघाला आणि काळ्या रानात पडला. शेणखताच्या ट्रॉल्या आल्या. वरच्या तुकड्यात उताराला आडव्या दगडांच्या ओळी बसल्या. सीताफळं कुठं लावायची यावरून आमचं दोन दिवस भांडण झालं. माझं म्हणणं, विहिरीजवळ काळ्या मातीत लावा, झाडं जोमानं येतील. तिचं म्हणणं, सीताफळाला मुरूम चालतो, काळी जमीन धान्याला राहू दे. मी माझा अनुभव काढला, तिनं तिची वही काढली. वहीत माझंच वाक्य होतं, वरच्या तुकड्यात धान्य कधीच नीट येत नाही म्हणून. पावसाळ्यात तिनं झाडं मातीच्या गड्ड्यासकट उकरून वरच लावली. काही गेली, बाकीची धरली.

शेतात मी अजूनही चार दिवस जातो. झाडाखाली बसतो, सल्ले देतो, त्यातले निम्मे ती ऐकते. निम्मे म्हणजे घरापेक्षा जास्त आहेत.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. एसटीतून उतरलो आणि रोजच्यासारखा सडकेवरून खाली उतरून काळ्या तुकड्यातून विहिरीकडं तिरपा निघालो. ही माझी वाट. माझ्या वडिलांचीही हीच होती. रानात दोन पावलं टाकली असतील, तेवढ्यात वरून तिचा आवाज आला.

“काका, तिकडून नका येऊ. ज्वारी पेरलीय तिथं. बांधानं या.”

मी जागच्या जागी थांबलो. सत्तर वर्षांत मला या रानात कुठून चालायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. माझी जमीन, माझ्या बापाची जमीन. नेहमीप्रमाणं आधी राग आला. वर पाहिलं तर ती माझ्याकडं बघतही नव्हती. सांगून झालं होतं आणि ती पुन्हा खाली वाकून कामाला लागली होती, जशी आपल्या रानात शिरणाऱ्या कुणालाही सांगून घरधनीण कामाला लागते. खाली पाहिलं. पेरणीच्या ओळी ताज्या होत्या, माती मऊ होती आणि माझ्या चपलेचे दोन ठसे त्यात खोल उमटले होते. मी वाकलो, हातानं ते दोन ठसे सारखे केले आणि मागं फिरलो. बांधाची वाट बरीच लांबून जाते. मी त्या वाटेनं गेलो, आणि चालताना मला इतकं हलकं वाटलं की मधेच थांबून मी एकटाच हसलो.